रिस्टोअर केलेल्या अँबॅसेडरखाली रोज तेल: इंजिन उतरवायचं की थेंब सहन करायचे?

कोलशेतची_अँबी
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९७२ ची मार्क २ आहे, मामांकडून आलेली. १४८९ सीसीचं मूळ पेट्रोल इंजिनच आहे, डिझेल बसवलेलं नाही. हे आधीच सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. पत्रा, रंग, क्रोम, वायरिंग, सीटा सगळं नव्याने झालं. इंजिनही पूर्ण उघडून बेअरिंगं, रिंगा, व्हॉल्व्ह करून घेतले. गाडी देखणी झालीय. पण घरी आल्यापासून खाली तेल.

थेंब पडतात ते इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत त्याच्या खाली. सकाळी तळहाताएवढा डाग. घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जाऊन आलो की डाग मोठा होतो आणि सिग्नलला थांबलं की बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास येतो. तेल २० डब्ल्यू ५०, पट्टीवर लेव्हल वरच्या खुणेला. क्लच घसरत नाही, गाडी ओढते छान.

मिस्त्री म्हणतो, "मागचं ऑइल सील गेलंय, इंजिन खाली घ्यावं लागेल." नुकतंच बसवलेलं इंजिन परत उतरवायचं म्हणजे नव्या रंगाला ओरखडे आलेच. तिकडे सोसायटीने लेखी नोटीस दिलीय की पेव्हर ब्लॉक खराब होतायत. खरंच सील गेलं असेल का? की या गाड्या अशाच म्हणून गप्प बसायचं?

येऊरचा_जीपवाला
गळतंय म्हणजे आत तेल आहे. गळायचं थांबलं की धागा काढा.

नौपाडा_नाका
हा विनोद पूर्वी चौथ्या-पाचव्या प्रतिसादाला यायचा. आता पहिल्यालाच येतो. प्रगती आहे.

टॅपिट_तात्या
कोलशेतकर, मिस्त्रीला एवढंच विचारा की बाबा, मागचं सील कुठल्या नंबरचं ते लिहून दे, मी आणून ठेवतो. देऊ शकणार नाही. या इंजिनाला मागे रबरी सील नाहीच.

हे बीएमसीचं बी-सिरीज इंजिन, मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातलं. तीन मेन बेअरिंगच्या या इंजिनात क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) मागच्या टोकाला आटे कापलेले असतात. क्रँक फिरला की ते आटे तेल ढकलत चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीकडे, परत आणतात. भोवतीची फट अगदी बारीक ठेवलेली असते, पण क्रँकला टेकून तेल अडवणारं असं तिथे काही नाही. इंजिन बंद झालं की तिथे उरलेले दोन-चार थेंब मागे बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या घरात, उतरतात. बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून तर बेल हाउसिंगच्या तळाला भोक ठेवलंय आणि त्यात एक सैल स्प्लिट पिन लोंबते, भोक चिखलाने बुजू नये म्हणून. ती आहे का बघा. रंगवताना लोक ती काढून टाकतात, भोक भरून जातं आणि मग तेल बाहेर पडायच्या ऐवजी क्लच प्लेटवर जातं.

मग इंजिन उतरवून बदलणार काय? मेन बेअरिंग झिजलं असेल तर क्रँक खाली बसतो, आट्यांभोवतीची फट वाढते आणि थेंबाची धार होते, ते खरं. पण तुमची बेअरिंगं नवी. तिथे मी शेवटी जाईन.

तेल पडतं खाली, निघतं मात्र बहुतेक वेळा वरून. पळत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो आणि इंजिनाच्या सगळ्यात मागच्या, सगळ्यात खालच्या जागी ते टपकतं. ती जागा म्हणजे बेल हाउसिंग. म्हणून कुठूनही गळलं तरी आळ मागच्या सीलवर येतो, अगदी सील नसलेल्या इंजिनातसुद्धा.

आधी टॅपिट कव्हरचं कॉर्कचं पॅकिंग बघा. मग मॅनिफोल्डच्या (इंजिनाला जोडलेल्या धुराच्या नळ्यांच्या) खाली ब्लॉकला दोन साइड कव्हरं आहेत ती. ऑइल प्रेशरचा स्विच, तो स्वतःच्या अंगातूनही पाझरतो. शेवटी चेंबरचं पॅकिंग, त्यातही मागच्या मेन कॅपखाली जी कॉर्कची पट्टी येते ती. ती गळाली की हुबेहूब मागचं मेन गळाल्यासारखं दिसतं, आणि ती फक्त चेंबर उतरवून बदलता येते. तुम्हाला जळका वास येतोय, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपवर काहीतरी ओघळतंय. मागच्या मेनचं तेल उलटं चढून पाइपवर जाणार नाही. मला साइड कव्हराचा दाट संशय आहे.

कोलशेतची_अँबी
तात्या, मिस्त्रीला नंबर विचारला. "दुकानदाराला माहीत असतो" म्हणाला.

नौपाडा_नाका
दुकानदाराला विचारलंत तर म्हणेल मिस्त्रीला माहीत असतो.

खारघरची_कास्टआयर्न
अँबॅसेडरचं मला काही कळत नाही, पण गळक्या गाडीचा शिक्का माझ्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटवर इतकी वर्षं बसलाय की थोडं बोलतेच.

या बुलेटमध्ये तेलाची टाकी क्रँककेसच्याच ओतकामात शेजारी असते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेल पंपातून झिरपत क्रँकमध्ये उतरतं. पट्टी काढली तर कोरडी. माणूस घाबरतो, वरून तेल ओततो. मग किक मारली की जास्तीचं सगळं ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, चेनवर, टायरवर आणि सलवारीवर. ही गळती नव्हेच, तेल जास्त झालेलं असतं. लेव्हल बघायची ती गाडी थोडी फिरवून आणल्यावर, तेल टाकीत परतल्यावर.

दुसरं, क्लचच्या बाजूचं झाकण. आमच्याकडे ते मधल्या एकाच नटावर बसतं आणि कडेने रबराचं पॅकिंग असतं. गळालं की जो तो नट आवळतो. आवळून आवळून झाकण बाकदार होतं आणि कडा उचलल्या जातात. माझ्याकडे आली तेव्हा झाकण काचेवर ठेवून बघितलं तर त्याच्या कडेखाली पोस्टकार्ड सरकत होतं.

कोलशेतकर, तुमचा ब्रीदर मोकळा आहे का? कोणी विचारलं नाही म्हणून विचारते.

पेव्हर_ब्लॉक_सचिव
मी समोरच्या बाकावरची. घणसोलीतल्या एका सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि अशी नोटीस मीही काढलेली आहे, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

डागाचं कोणाला एवढं पडलेलं नसतं. पावसाळ्यात पोडियमच्या रॅम्पवर पाणी येतं, त्यावर तेलाचा तवंग पसरतो आणि मागून येणारी स्कूटर घसरते. आमच्याकडे एक कॉलेजची मुलगी अशी पडली, मनगट मोडलं. त्यानंतर "हौसेची गाडी आहे हो, एवढं काय" हे वाक्य माझ्यासमोर कोणी काढत नाही.

आणि कृपा करून पाण्याचा पाइप लावून धुऊ नका. पार्किंगच्या जाळीतलं पाणी नाल्यात आणि नाल्यातलं खाडीत जातं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये रामसर यादीत आलंय, तिथे तुमचं २० डब्ल्यू ५० नको. लाकडाचा भुसा टाका, रात्रभर राहू द्या, झाडून वेगळा भरा. उरलेल्या डागाला धुण्याचा सोडा आणि कडक ब्रश. जुनं तेल गॅरेजमध्येच द्या, तिथून रिसायकलवाले नेतात.

गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवा, कडा दोन बोटं उंच, आत पुठ्ठा. आमच्या सी विंगमधल्या एका जुन्या जीपला याच अटीवर जागा दिलीय. वर्ष झालं, तक्रार नाही.

नौपाडा_नाका
ट्रे कशाला, सासूबाईंची परात आहे की.
बाकी अँबॅसेडर डावीकडे उताराला असेल आणि शेजारी कोणाची मारुती असेल तर तक्रार करायचं कारण नाही. शनिवारी लोक रांगेत उभे राहून मारुतीला तेल वाहतात, इथे घरपोच.

कोलशेतची_अँबी
@नौपाडा_नाका, शेजारी खरंच मारुती आहे. मालकाला हा विनोद सांगायची हिंमत नाही.
@सचिव, ट्रेची कल्पना पटली, लगेच करतो. नोटीस काढणाऱ्यांना मी खलनायक समजत होतो.

नेरुळची_पद्मिनी
पुठ्ठ्याचा आणखी एक उपयोग. पुढची चाकं कुठे येतात त्याच्या खुणा पुठ्ठ्यावर करा. गाडी रोज त्याच खुणांवर लावा. ठिपके कुठे पडतात ते सकाळी बघा. काळं असेल तर इंजिनाचं, घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर किंवा डिफ्रन्शियलचं, हिरवट आणि पाण्यासारखं असेल तर रेडिएटरचं. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, जवळजवळ बिनरंगाचं दिसलं तर गाडी हलवू नका, ते ब्रेक ऑइल. रंगावर पडलं तर रंगही सोलतं.

गळती शोधायला टाल्कम पावडर. इंजिन थंड असताना रॉकेल आणि ब्रशने चकाचक धुवायचं, पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं. मग पावडर उडवायची, डब्याच्या बुडावर टपली मारून. पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवून आणायची. पांढऱ्यावर तपकिरी ओघळ स्पष्ट दिसतो आणि ओघळाचं वरचं टोक म्हणजे तुमचा चोर. रॉकेलने धुताना बॅटरीची वायर काढून ठेवा आणि रॉकेल वाळल्याशिवाय स्टार्टर मारू नका.

आमच्या पद्मिनीचा अनुभव वेगळाच निघाला. लेव्हल वाढत होती! फियाटचा पेट्रोल पंप इंजिनावर बसतो, त्यातला पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. तेल पातळ होतं, जास्त होतं आणि असेल नसेल त्या फटीतून बाहेर येतं. आम्ही पॅकिंगं बदलत बसलो होतो. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने पट्टी काढून नाकाला लावली आणि हसला. तेव्हापासून मी आधी पट्टी हुंगते. तेल पातळ झालेलं इंजिन चालवू नका, बेअरिंगं जातील.

शून्य_थेंब
तळोज्याच्या एका प्लँटमध्ये मेंटेनन्सला आहे, रोजचं काम गळत्या बंद करायचं. त्यामुळे "या गाड्या गळतातच" हे ऐकलं की डोकं फिरतं. तात्यांचा मान राखून सांगतो, हे गळतीचं कौतुक बंद करा.

गळतीला तीनच कारणं असतात. जोडाचे दोन पृष्ठभाग सपाट नाहीत, मधलं पॅकिंग चुकीचं आहे, किंवा आतला दाब जास्त आहे. तुमच्या चेंबरची कड उलटी करून सरळ पट्टी ठेवा. प्रत्येक बोल्टाच्या भोकाभोवती पत्रा वर आलेला दिसेल, आधीच्या पिढ्यांनी आवळून आवळून. लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने ते फुगवटे बसवा. नवं पॅकिंग हाताने घट्ट झाल्यावर थोडंच पुढे. इंजिन तापून थंड झाल्यावर पुन्हा एकदा. एवढ्याने अर्धं काम होतं.

पुढची पुली बघा. सीलचा ओठ एकाच जागी घासून तिथे खाच पडते. कितीही नवं सील घाला, त्या खाचेतून येणारच. त्यावर पातळ स्लीव्ह बसवता येते किंवा सील थोडं आत-बाहेर बसवून ओठ ताज्या जागी टेकवता येतो. वागळे इस्टेटमध्ये असं काम करणारे लेथवाले अजून आहेत. साधं नायट्राइल रबर शंभर अंशांच्या पुढे कडक होत जातं, व्हायटॉन दोनशेच्या आसपास टिकतं. किमतीतला फरक गाडीच्या रंगाच्या खर्चासमोर काहीच नाही.

आणि मागच्या मेनला सील नाही म्हणून हात जोडायचे हेही मान्य नाही. तीन बेअरिंगच्या बी-सिरीजसाठी ओठवाल्या सीलची किट बाहेर मिळतात.

टॅपिट_तात्या
शून्य_थेंब, चेंबरच्या कडेबद्दल जे लिहिलंत ते सोळा आणे. किटबद्दल दोन शब्द.

ते सील बसवायचं तर इंजिन उतरवायचं, फ्लायव्हील काढायचं, आणि सील क्रँकच्या अगदी मध्यावर बसवायचं. थोडं जरी एका बाजूला गेलं तरी आधीपेक्षा जास्त गळतं. आणि आट्यांचं काम त्याने बिघडलं तर पुन्हा मागे फिरता येत नाही. तुमच्या प्लँटमध्ये पंप बंद पडला तर उत्पादन थांबतं. यांच्याकडे रात्री दोन थेंब ट्रेमध्ये पडतात. त्यासाठी सुस्थितीतलं इंजिन उघडायचं? मी नाही उघडणार.

आणि ते सिलिकॉन. तुम्ही लिहिलं नाहीत, पण लिहाल म्हणून आधीच सांगतो. हल्ली प्रत्येक गॅरेजमध्ये ट्यूब असते आणि पॅकिंगऐवजी तिचाच नागमोडी पट्टा मारतात. बाहेर दिसतो तेवढाच आतही दाबला जातो. त्याचे तुकडे सुटून चेंबरमधल्या पंपाच्या जाळीत अडकतात. जाळी बुजली की प्रेशर गेलं. चेंबरच्या कोपऱ्यात, जिथे कॉर्कची पट्टी आणि बाजूचं पॅकिंग भेटतात, तिथे हरभऱ्याएवढा ठिपका चालेल. बाकी कागदाच्या पॅकिंगला शेलॅकचा हलका हात पुरे.

शून्य_थेंब
सिलिकॉनवर एकमत. किटवर नाही.

आयटीआय_पोऱ्या
एक शंका. गळती थांबवायचं ते लिक्विड मिळतं, तेलात ओतायचं. ते टाकून बघायला काय हरकत आहे?

खारघरची_कास्टआयर्न
ते रबर फुगवतं. तात्यांनी आत्ताच सांगितलं, मागे रबर नाही. वर कॉर्क आहे. फुगवणार काय, मिस्त्रीला?

टॅपिट_तात्या
पोऱ्या, जिथे रबर आहे तिथेही ते रबर आधी मऊ आणि मग लिबलिबीत होतं. ज्या इंजिनात नुकती नवी बेअरिंगं घातलीत त्यात असलं काही ओतू नये. तेल घट्ट करून गळती झाकायचा मार्गही नको, थंड इंजिनात तेल टॅपिटपर्यंत पोचायला वेळ लागतो.

येझदी_४०३
विषयांतर करतो. आमच्या टू-स्ट्रोकवाल्यांची गळती खाली पडतच नाही, धुरात जाते. जुन्या येझदीमध्ये गिअर आणि क्लचचं तेल एकच. क्लचकडचं क्रँक सील गेलं की क्रँककेस ते तेल आत ओढून घेतो आणि जाळतो. पार्किंग स्वच्छ, सोसायटी खूश, आणि पामबीच रोडवर मागच्या गाड्या हेडलाइट लावून येतात. गिअरचं तेल बघाल तर तळाला. जुन्या चेतकचंही तेच. तेव्हा "आमची गळत नाही" म्हणणाऱ्या दोन स्ट्रोकवाल्याला गिअर ऑइलची लेव्हल विचारा.

येऊरचा_जीपवाला
पहिल्या प्रतिसादाची भरपाई म्हणून कामाचं लिहितो.

सीजे ३बी जीपला हँडब्रेकचा ड्रम चाकांत नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. तिथलं सील पाझरलं की तेल थेट हँडब्रेकच्या लायनरवर. खाली जमिनीवर थेंबही पडत नाही आणि येऊरच्या चढाला गाडी उभी करून हँडब्रेक ओढला की जीप मागे निघते. मी एका मित्राला चाकामागे दगड लावायला पाठवायचो. तो आता येत नाही.

कोलशेतकर, तुमच्याकडे त्याचा भाऊ आहे. मागच्या अ‍ॅक्सलचं हब सील गेलं की डिफ्रन्शियलचं तेल ब्रेकच्या ड्रममध्ये जातं. मागचं एखादं चाक आतून ओलं दिसतं का बघा. आणि अ‍ॅक्सलच्या नळीवर एक छोटा ब्रीदर असतो, तो रंगाने बुजलेला असला तर तापल्यावर आतली हवा तेलाला सीलबाहेर ढकलते. रिस्टोरेशनमध्ये पेंटर सगळं रंगवतो. जे हलायला हवं तेही.

इंजिनाचं तेल पार्किंग खराब करतं. ब्रेकमधलं तेल माणूस मारतं. आधी ते बघा.

पेव्हर_ब्लॉक_सचिव
हे वाचून आमच्या सी विंगच्या जीपचा हँडब्रेक तपासायला सांगितलंय.

वाशी_व्हीए
जरा बाजूला जाऊन विचारतो. १९७२ ची म्हणजे पन्नास वर्षं उलटली. व्हिंटेज रजिस्ट्रेशन केलंत का? २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या, मूळ स्वरूपातल्या खासगी वापराच्या गाड्यांना व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५,०००.

कोलशेतची_अँबी
अजून नाही केलं. त्यात रोज वापरता येत नाही ना?

वाशी_व्हीए
बरोबर. रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, देखभाल, एवढंच. म्हणजे रविवारी मामलेदारची मिसळ खायला निघालात तर "मी देखभालीला चाललोय" असं सांगावं लागेल.

नौपाडा_नाका
स्वतःच्या देखभालीला. नियमात बसतं.

वाशी_व्हीए
इंजिन, चासी, बॉडीत मोठे बदल केलेले चालत नाहीत, म्हणून डिझेल बसवलेल्या अँबॅसेडरवाल्यांची पंचाईत आहे. तुमचं मूळ इंजिन आहे, जपा. हे तात्यांच्या "उघडू नका"च्या बाजूचं एक मत धरा हवं तर.

शून्य_थेंब
सील घातलं म्हणून इंजिन बदललं असं कोणी म्हणणार नाही. पण असो.

कोलशेतची_अँबी
मंडळी, रिपोर्ट.

शनिवारी इंजिन धुतलं, वाळवलं, पावडर मारली. इंजिन पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसत होतं, वॉचमन बघायला आला. उपवनपर्यंत जाऊन आलो. मागच्या साइड कव्हरच्या खालच्या कडेने जाड तपकिरी ओघळ, थेट सायलेन्सरच्या पाइपवर. तात्यांना दंडवत. टॅपिट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातूनही बारीक रेघ होती.

मग खारघरच्या ताईंनी विचारलेला ब्रीदर. पुढच्या साइड कव्हरवरून जी नळी खाली जाते तिच्या टोकाला रबरी टोपी. रंगवताना आत धूळ जाऊ नये म्हणून रिस्टोरेशनवाल्यांनी घातलेली आणि वरून इंजिनाच्याच रंगाने रंगवलेली. ती मूळ भागच वाटते, इतकी सफाईदार. टॅपिट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारी वरची नळी नवी आहे, पण लांब कापलेली, त्यामुळे वळणावर चेपलेली. म्हणजे हवेला दोन्ही वाटा बंद. चालू इंजिनात टोपी काढली तर फुस्स करून धूर आला.

टोपी फेकली, वरची नळी आखूड केली, पुन्हा धुऊन पावडर मारली. टॅपिट कव्हरची रेघ गायब, पॅकिंगला हात न लावता. साइड कव्हर अजून पाझरतं पण निम्म्याहून कमी. बेल हाउसिंगला स्प्लिट पिन जागेवर आहे, सकाळी तिच्या टोकाला थेंब आणि खाली दोन-तीन ठिपके. मागची दोन्ही चाकं आतून कोरडी. पट्टी हुंगली, पेट्रोलचा वास नाही.

खारघरची_कास्टआयर्न
टोपीचा फोटो टाका! तिला फ्रेम करा.

टॅपिट_तात्या
शाब्बास. रिंगा कितीही नव्या असल्या तरी पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस चेंबरमध्ये उतरतोच. त्याला वाट नसली तर इंजिन म्हणजे शिट्टी दाबून धरलेला कुकर, वाफ झाकणाच्या कडेने येणारच. म्हणून ब्रीदर मोकळा केल्याशिवाय पॅकिंगला हात लावू नये, पैसे पाण्यात जातात.

नळी काढलीच आहे तर पुढचं कव्हर उतरवून आतूनही धुवा. काही कव्हरांत आत जाळी असते, ती मळाने घट्ट झालेली असते.

बेल हाउसिंगचे दोन-तीन ठिपके तसेच राहू द्या. तेल वरच्या खुणेपर्यंत भरायचं बंद करा, दोन खुणांच्या मध्ये ठेवा. आणि पार्किंगला उतार असेल तर गाडीचं नाक खालच्या बाजूला करून लावा, मागे तेल कमी साचेल. क्लच थरथरायला किंवा घसरायला लागला तर बोलू, तोवर नाही.

शून्य_थेंब
आतला दाब हे तिसरं कारण मी लिहिलं होतं, एवढंच नम्रपणे नोंदवतो. दोन-तीन ठिपक्यांना माझा विरोध कायम आहे. कधी काही कारणाने क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवलात तर त्या वेळी आट्यांभोवतीची फट मोजून ठेवा. आकडा हातात असला की वाद घालायला बरं.

टॅपिट_तात्या
हे पटलं. मोजून ठेवावीच.

पेव्हर_ब्लॉक_सचिव
ट्रे काढू नका.

कोलशेतची_अँबी
ट्रे राहणार. आता मागचं साइड कव्हर उरलं. मिस्त्री म्हणतो तयार पॅकिंग मिळत नाही, सिलिकॉन मारून देतो. उत्तरपाड्याच्या कारखान्यातलं अँबॅसेडरचं उत्पादन २०१४ ला थांबलं, तेव्हा कदाचित खरंच मिळत नसेल. काय करू? आणि तिथे हात कसा घालायचा, मॅनिफोल्ड आड येतं.

नेरुळची_पद्मिनी
कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत विचारा, जुना साठा निघतो कधी कधी. पण जुनं कॉर्क सुकून आखडलेलं असतं. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवलं की मापात येतं. वाकवून तुकडे पडले तर घेऊ नका.

टॅपिट_तात्या
नाहीच मिळालं तर घरी कापा. मुंबईत नागदेवीच्या बाजारात कॉर्कची शीट मिळते, रबर मिसळलेली घ्या, ती तुटत नाही. जुनं पॅकिंग तुकड्यांत निघालं तरी फेकू नका, त्याच्या जाडीची शीट मागा. पातळ घेतलीत तर पत्रा ब्लॉकला टेकतो, जाड घेतलीत तर बोल्ट आवळताना कव्हर वाकतं. शीट कव्हरवर ठेवून कडेने हातोडीच्या गोल तोंडाने हलके ठोके द्या, कड उमटते. मग कात्रीने कापा.

मॅनिफोल्ड सैल करावंच लागेल. त्याचं पॅकिंग आधी आणून ठेवा, जुनं परत बसत नाही. गंजके स्टड असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, नाहीतर तुटतील आणि मग लेथवाल्याकडे जावं लागेल.

कव्हर निघालं की काचेवर ठेवून बघा. मधल्या एका बोल्टावर बसतं, त्यामुळे ताईंच्या बुलेटसारखंच ते मध्ये आत दबलेलं निघेल. लाकडी ठोकळ्यावर सरळ करा. पॅकिंग शेलॅकने फक्त कव्हरला चिकटवा, ब्लॉककडची बाजू कोरडी. आणि त्या बोल्टाच्या डोक्याखालचं वॉशर नवं घाला, तेल बोल्टाच्या कडेनेही बाहेर येतं आणि लोक पुन्हा पॅकिंगलाच शिव्या देतात.

कोलशेतची_अँबी
उद्या नागदेवी. शीटची जाडी मोजायला व्हर्निअर कोणाकडे आहे का, ठाण्यात?

शून्य_थेंब
माझ्याकडे. कापूरबावडीला या, संध्याकाळी सातनंतर.